राखणदारापुढे गुणाकाकी

मला गुणाकाकीने वाचवलं. काय झालं ते पुढे सांगतोच, पण आधी तिचं नाव लिहून ठेवतो. मी भित्रा माणूस आहे. लिहायला बसलो की अर्ध्यावर उठून पाणी प्यायला जातो आणि मग परत बसवत नाही. निदान नाव तरी कागदावर राहील.

मी आजऱ्याकडचा. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा सहावीतून शाळा सोडली. चार ठिकाणी पडेल ते काम केलं आणि विसाव्या वर्षी आंबोलीचा घाट उतरून खाली कोकणात आलो. मालवणपासून काही कोसांवर खाडीकाठच्या एका गावात काजूचा कारखाना होता. लिहिता-वाचता येतं आणि या मुलखात आपलं म्हणायला कोणी नाही, एवढ्या दोन गुणांवर कारखान्याचा कारभार बघणाऱ्या दिवाणजींनी मला काट्यावर, माल तोलायला, घेतलं. दुसरा गुण त्यांना कशासाठी हवा होता, ते मला उशिरा कळलं.

कारखाना म्हणजे नारळाच्या झापांची लांबलचक मांडवी. एका टोकाला बिया भाजायची भट्टी. तिच्या धुराने डोळे चुरचुरायचे. मांडवीत पन्नास-साठ बाया ओळीने बसून लाकडी दांडक्याने भाजलेल्या बिया फोडायच्या. मजुरी गराच्या वजनावर. तुकडा झाला तर तो तोलातच धरायचा नाही. संध्याकाळी प्रत्येकीने आपली टोपली माझ्या खोलीच्या खिडकीतून आत सरकवायची, मी आत तोलायचो आणि चिठ्ठी बाहेर द्यायचो. काटा बाहेरून दिसत नसे.

आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मला ताप भरला. तीन दिवस मी खोलीत एकटा पडून होतो. चौथ्या दिवशी दार ढकलून एक ठेंगणी, काळीसावळी बाई आत आली. हातात पेजेचं भांडं आणि पानावर सुकटाची चटणी.

"मेल्या, ताप इलो तर सांगूक नको? हय काय तुझी आवस बसलीहा, न सांगता समजाक?"

"तुम्ही कशाला त्रास घेतला," मी कसंबसं म्हणालो.

ती एवढी हसली की पेज हिंदकळली. "आयकलंस गो?" दाराबाहेर कोणीच नव्हतं, तरी ती दाराकडे बघून म्हणाली. "ह्यो माका तुमी म्हणता! अरे, तुमी म्हणजे मामलेदार. मी गुणा. काकी म्हण आणि पी ती पेज."

ती पाच दिवस येत राहिली. म्हणून मी तिला कागदावरही 'ती'च म्हणतो.

काकीला नवरा नव्हता. एकुलता मुलगा बाबलो मालवाहू मचव्यावर खलाशी होता. वर्षातले आठ महिने समुद्रावरच. घरात ती, सून आणि कोंबड्या. मांडवीत तिची जागा खांबाजवळची, वाऱ्याची. ती जागा तिला कोणी दिली नव्हती, पण दुसरं कोणी तिथे बसतही नसे. दांडकं पडलं की आवाजावरून सांगायची, गर अख्खा की फुटका. कोणाचा हात सुजला तर आपल्या पुडीतली राख काढून द्यायची. टरफलातलं तेल कातडी जाळतं. राख फासून बसलं तरी बोटं दुसऱ्या पेरापर्यंत काळी पडतात आणि साल निघते. काकीची तर कायमची काळी होती. गावात कोणाचं नवजात बाळ बघायला गेली तर ती त्याला कोपरांवर घ्यायची, बोटं लांब उघडी धरून. बाळाला लागू नयेत म्हणून. हे मी दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा बाळ तिच्या कोपरांवर झोपून गेलं.

जेवणाच्या सुट्टीत ती दिवाणजींची नक्कल करायची. दिवाणजी धोतराचा सोगा धरून, टाचा उचलून चालायचे, जणू सगळी जमीन शेणाने भरली आहे. काकी लुगड्याचा पदर तसाच चिमटीत धरून मांडवीभर फिरायची. एकदा दिवाणजी मागेच उभे. बायांचं हसू थांबलं तशी ती वळली आणि म्हणाली, "तुमच्यासारख्या चालूक जमणा नाय ओ, दिवाणजी. आमच्या पायाक चिखलाची सवय."

देवाबद्दल तिचं एक वाक्य ठरलेलं होतं: "देव बघता सगळा, पण साक्षीक येना नाय." तिची श्रद्धा मात्र पक्की. कारखान्याच्या आवारात वडाखाली राखणदाराचा दगड होता. गावाच्या, शिवाराच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या राखणीचा देव. येता-जाता ती पायातलं काढून हात जोडल्याशिवाय पुढे जात नसे.

इथे त्या भागातली एक रीत सांगायला हवी, कारण आमच्या घाटावर ती नाही. काही मागायचं असलं, चुकलं-माकलं असलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. तो मान घाडी घराण्याचा. घाडी नारळ ठेवून देवाशी मोठ्याने बोलतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'म्हाराजा' म्हणून थांबतो. जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "होय म्हाराजा!" लहानपणापासून हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की शिंकेसारखं तोंडातून निघून जातं. काकीचा होकार तर खाडीपलीकडे ऐकू जायचा. लोक म्हणायचे, गुणान म्हटल्याशिवाय देवाक आयकाकच येना नाय.

आता युनियनचं.

परब नावाचे गृहस्थ मुंबईच्या गिरणीत होते. ते सुट्टीला गावी आले आणि राहिले ते राहिलेच. बायांच्या घरोघरी जाऊन ते युनियनचा फॉर्म दाखवायचे. मागण्या साध्या होत्या. हाताला लावायला तेल द्या. तुकड्याचाही तोल धरा. आणि गर आमच्या डोळ्यांसमोर तोला.

काकीने फॉर्म घेतला आणि सरळ माझ्याकडे आली. "वाच रे झिला. परब सांगता ता आणि कागद सांगता ता एकच आसा काय, बघूया."

मी भीतभीत, दार लावून वाचलं. एकच होतं.

"मगे बरां," म्हणाली आणि शाईच्या पॅडवर आपला अंगठा टेकवला. मग थांबून बोटाकडे बघत हसली, "काळ्यार काळा. उठतला तरी काय?"

तिच्यामागून चाळीसेक बायांनी अंगठे दिले. कारखान्याचे मालक शेट, त्यांना कळायला आठवडा लागला.

शेट क्वचितच यायचे. त्या दिवशी ते स्वतः आले, खादीचे कपडे घालून. कारखान्याला बरकत यावी म्हणून राखणदाराला गाऱ्हाणं आहे, असं सांगून बायांना दुपारी वडाखाली बोलावलं. नारळ आले, गूळ-खोबरं आलं. म्हातारा घाडी आला. त्याची मान आधीपासूनच खाली होती. बाया हात जोडून उभ्या राहिल्या.

"बा देवा राखणदारा, ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी जमली आसत, म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"तेंच्या हाताक येस दी, पोराबाळांची रखवाली कर, म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"दर्यावयल्या माणसांका सुखरूप घराक हाड, म्हाराजा..."

"होय म्हाराजा!" यात काकीचा आवाज सगळ्यांच्या वर.

"आणि जी कोण ह्या अन्नदात्याच्या इरोधात युनियनीच्या कागदार आंगठो ठेवीत, तिच्या घरात दिवो लावक माणूस रवता नये, म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

शब्द निघून गेला होता. मी खिडकीतून बघत होतो. आधी एकीने तोंडावर हात ठेवला, मग दुसरीने. काकी नारळाकडे बघत तशीच उभी राहिली, हात जोडलेले. शेटनी खाली वाकून नमस्कार केला आणि प्रसाद वाटायला सांगितलं. प्रसाद सगळ्यांनी घेतला. न घेऊन कसं चालेल?

दुसऱ्या दिवसापासून बाया परबांच्या घरी जाऊ लागल्या. दिलेला अंगठा परत मिळतो का, विचारायला. परब संतापले. "हा कायद्याने गुन्हा आहे! कामगाराला असं धमकावता येत नाही. आणि दगड काय करणार आहे तुमचं?"

"तुमी उद्या मुंबयक जातलात, परबानू," काकी त्यांना म्हणाली. "आमका हयच दिवो लावचो आसा."

तिचा बाबलो तेव्हा कुठेतरी कारवारच्या खाली होता. आठ दिवस ती मांडवीत बोलली नाही. नक्कल नाही, हसू नाही. नुसतं दांडकं. मी चिठ्ठी देताना विचारलं, "काकी, बरं नाही का?" म्हणाली, "माज्याच तोंडान बाबल्याच्या घरातलो दिवो विझवलंय रे. आणि सगळ्यांत मोठ्यान."

नवव्या दिवशी ती घाडीकडे गेली. काय बोलणं झालं मला माहीत नाही. एवढं मात्र ऐकलं, म्हातारा म्हणाला होता, "माका पढवल्यानी ता मी बोललंय, गुणा. माझा पॉट आसा." त्यावर काकी म्हणाली, "मगे आता मी पढवतंय ता बोल."

जेवणाच्या सुट्टीत, भर उन्हात, ती नारळ घेऊन वडाखाली आली. मागोमाग घाडी. बाया लांब उभ्या राहिल्या, मग हळूहळू जवळ आल्या. दिवाणजी ओसरीत आले, पण गाऱ्हाणं चालू असताना मध्ये बोलायची त्यांचीही छाती नव्हती.

"बा देवा राखणदारा, लेकरांच्या तोंडातून न समजता शबुद गेलो, म्हाराजा..."

 प्रत्येक बाई आता वाक्य आधी कानात चाखून बघत होती. मग आलं, दबकत, "होय म्हाराजा."

"तो शबुद तू परत घी आणि सगळ्यांका मोकळी कर, म्हाराजा..."

"होय म्हाराजा!"

"आणि जा काय वायट होवचा आसात, ता एकट्या गुणाचा होवंदे. तिच्या घराचा नको, झिलाचा, बाबल्याचा नको, तिचा एकटीचा, म्हाराजा..."

कोणीच बोललं नाही. घाडी थांबून राहिला. उत्तर आल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. वडावरचे कावळे तेवढे ओरडत होते. काकी मागे वळली.

"बोला गो! गप कित्याक? मगे नारळ काय मी घराक घेवन जाव?"

एक बाई रडायला लागली. काकीच्या शेजारी बसणारी सावित्री पुढे येऊन म्हणाली, "ह्या आमी म्हणूचो नाय, गुणाबाय."

"म्हण गो बाये," काकीचा आवाज एकदम खाली आला. "माका हलका वाटतला."

मग त्या बोलल्या. इतक्या हळू, की मला ओठ हललेले दिसले, शब्द ऐकू आला नाही.

त्यानंतर एकीनेही अंगठा मागे घेतला नाही.

दोन दिवसांनी दिवाणजींनी मला बोलावलं. आधी मला बसायला सांगितलं, एरवी ते कधी सांगत नसत. "दत्तू, वडील कसे आहेत? पैसे वेळेवर जातात ना?" मग टेबलावरची धूळ बोटाने पुसत म्हणाले, "गुणाच्या टोपलीचा तोल रोज अर्धा शेर कमी मांडायचा. बाकी कोणाचा नाही. घाटावर परत जायची इच्छा असली तर तसं सांग."

मी लिहिलं. रोज लिहिलं. इथे सबब सांगण्यासारखं काही नाही.

काकीला वाचता येत नव्हतं, पण टोपली तिने उचललेली असायची आणि चिठ्ठीतला आकडा दुकानदार वाचून दाखवायचा. चौथ्या दिवशी ती खिडकीशी थांबली. "काटो बरो आसा मां रे?"

"बरा आहे," मी वहीतून मान वर न करता म्हणालो.

तिने चिठ्ठी घेतली. मग गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी तांदळाचे घावणे घेऊन आली. 

महिन्याअखेर तिला कामावरून काढलं. कारण लिहिलं होतं, काम कमी. वहीतल्या माझ्या अक्षरात ते सिद्धच होतं. परबांनी तक्रार केली आणि सरकारी लेबर ऑफिसर चौकशीला येणार असं ठरलं. बायांना आशा वाटली. काकी परत आली तर शेटचं खोटं उघडं पडेल, आणि तोल बाहेर करायची मागणी आपोआप पुढे येईल.

चौकशीच्या आदल्या दिवशी दिवाणजी माझ्या खोलीत आले. टाचा उचलून, तसेच. "उद्या तुझं नाव निघालं तर आम्ही म्हणू, गर तूच चोरत होतास आणि चोरी झाकायला तिचा तोल कमी लिहिलास. फौजदारांशी बोलणं झालेलं आहे."

ते गेल्यावर मी धावतच काकीच्या घरी गेलो. ती अंगणात मुळे साफ करत होती, खाडीतल्या शिंपल्या. मी सगळं सांगितलं. तोल मीच कमी लिहितो, कोणाच्या सांगण्यावरून लिहितो, उद्या काय होणार. रडत सांगितलं. सून आतून डोकावली, काकीने तिला हातानेच आत जायला सांगितलं.

"माका ठावक होता," ती म्हणाली. "खिडकीत ईचारलंय तेवाच. तू वर बघलंसच नाय."

"काकी, मी उद्या खरं सांगतो."

"आणि मगे? शेट सुटतलो, दिवाणजी सुटतलो, तू बंदीत. तुझो बापूस जित्तो रवात काय ता आयकान?" शिंपली उघडली, आतलं वाटीत टाकलं. "उद्या तू गप रव."

"पण तुझं काय?"

तिने पुढची शिंपली उचलली. म्हणाली, "जेवन जा. मुळ्यांची आमटी करतंय."

आणि मी जेवून आलो. हे लिहिताना सुद्धा लाज वाटते, पण जेवून आलो.

चौकशी गावच्या शाळेत झाली. ऑफिसर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी काकीला बाकावर बसायला सांगितलं. ती जमिनीवरच बसली. परब मागे उभे होते, सगळ्या बाया बाहेर पडवीत. मी आणि दिवाणजी भिंतीशी.

"बाई, तुमची तक्रार आहे की तुमचं वजन मुद्दाम कमी लिहिलं. कोणी लिहिलं? कोणाच्या सांगण्यावरून?"

काकीने माझ्याकडे पाहिलं नाही. "माका लिवक वाचूक येना नाय, सायब. कोणी लिवल्यान ता मी कसा सांगू?"

परब पुढे झाले. "काकी! काल तर तुम्ही म्हणालात, नाव सांगते म्हणून."

"म्हातारी झालंय. काटोच जुनो आसतलो."

"म्हणजे काट्याचा दोष?" ऑफिसरनी विचारलं.

"होय."

ऑफिसरनी पुढे दोनदा विचारलं. तिने तेच सांगितलं. माझी मान वर झाली नाही. मी तेव्हा बोललो असतो तर. पण मी बोललो नाही, आणि ऑफिसरनी कागद बांधले.

पुढे असं झालं की युनियन झाली. काट्याचा दोष आहे असं चौकशीत नोंदलं गेलं म्हणून परबांनी तोच मुद्दा धरला आणि वर्षभरात काटा खोलीतून काढून मांडवीत सगळ्यांसमोर ठेवायला लावला. हाताला तेलही मिळालं. काकीला मात्र परत घेतलं नाही. आणि गावात बोललं जाऊ लागलं की गुणा फितूर झाली. शेटने तिला नारळाची बाग करून दिली म्हणे. कोणी म्हणालं, बाबल्याला मचवा घेऊन दिला. परब जाहीर सभेत बोलले नाहीत, पण तिच्या घरावरून जाताना दुसऱ्या बाजूला बघू लागले. सावित्रीही बोलेनाशी झाली.

मी एकदा तिला म्हटलं, "काकी, लोक काय काय बोलतात."

"बोलांदेत. बाबलो सुखरूप इलो मां? देवान घेतल्यान ता माझा एकटीचा घेतल्यान. सवंग सुटलंय." मग थोड्या वेळाने, कोणालाही उद्देशून नाही असं, म्हणाली, "पण सावित्रीन तरी ईचारूक होया होता."

ते तेवढंच. 

दोन वर्षांनी वडील गेले आणि मी ती नोकरी सोडली. कोणाला सांगितलं नाही. तिलाही नाही. सांगायला गेलो असतो तर तिने शिदोरी बांधून दिली असती, आणि ती मला नेववली नसती. सकाळची एसटी खाडीच्या बांधावरून जाते. ओहोटी होती. खिडकीतून मला ती दिसली, गुडघाभर चिखलात वाकलेली, मुळे काढत. बांधावरून कारखान्याच्या बायांची रांग कामाला चालली होती, हसत, बोलत. त्या तिच्या अगदी जवळून गेल्या. कोणी हाक मारली नाही. काकीने एकदा कंबर धरून पाठ सरळ केली, रांग पुढे जाऊ दिली, आणि पुन्हा वाकली. गाडी वळणाला लागली.

आज मी वऱ्हाडात कापसाच्या एका जिनिंगमध्ये आहे. अजून काट्यावरच. परवा खाडीकाठच्या त्या गावचा एक ओळखीचा भेटला. म्हणाला, गुणाकाकी आहे, आता तिला दिसतं कमी. आणि सहजच म्हणाला, "तीच ना ती, शेटला मिळालेली?" मी चहाचा पेला खाली ठेवला, आणि पुन्हा एकदा गप्प बसलो.

म्हणून हे लिहिलं. पण लिहिणं पुरेसं नाही. त्या गावात किती जणींना वाचता येतं? काकी, मी येणार आहे. दिवाळीनंतर सुट्टी मिळेल, नाही मिळाली तर शिमग्याला, पण तुझे डोळे आणि कान शाबूत आहेत तोवर येणार आहे. परबांच्या दारात जाईन, सावित्रीच्या दारात जाईन, प्रत्येकीच्या दारात जाईन, आणि ऑफिसरनी विचारलं होतं ते नाव सांगेन. आधी माझं, मग दिवाणजींचं आणि शेटचं.